मांड्या आवळा, पाव्हणं!

चहाचा ग्लास हातातून पडला, एवढंच झालं होतं. पुण्याहून मोटरसायकलवर कोल्हापूरला निघालो होतो. उंब्रजच्या अलीकडे टपरीवर थांबलो, ग्लास उचलला आणि तो फरशीवर फुटला. धरलाय की नाही हे बोटांनाच कळलं नव्हतं. एक सिलिंडर, भरपूर धडधड. जाहिरातीत तिला गाडीचा दमदार स्वभाव म्हणतात. हा स्वभाव ८० च्या पुढे थेट तळहातात उतरतो.

टपरीवर लगेच वैद्यकीय मंडळ बसलं. "शुगर असंल." "बी-ट्वेल्व्ह बघा." "मणका गेलाय." एकाने मला जीभ बाहेर काढायला लावली, लकवा नाही अशी खात्री करून घेतली आणि जरा हिरमुसूनच आपल्या वडापावाकडे परतला.

मग कोपऱ्यातले टोपीवाले आजोबा उठले.

"कुठली बोटं?"

"अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन."

"करंगळी?"

"ती बरी आहे."

"मग मनगाट मोडून बसताय तुमी. आन् मूठ आवळताय."

चीड आली ती याची, की निदान बरोबर होतं. मनगटात एक अरुंद बोगदा असतो. बोटं वाकवणाऱ्या ९ दोऱ्या आणि एक नस, सगळी वाहतूक त्यातून. मनगट वाकवून मूठ घट्ट धरली की त्या नसेचं तेच होतं जे रविवारी संध्याकाळी खंबाटकीच्या बोगद्यात पुण्याकडे परतणाऱ्यांचं होतं. करंगळीची नस निराळ्या वाटेने जाते. तळहाताच्या कडेवर अंगाचा भार टाकला की ती दबते. हे डॉक्टरने फी घेऊन सांगितलं असतं तर मी मान डोलावली असती. आजोबांनी फुकट सांगितलं आणि वर प्रात्यक्षिक लावलं.

मधोमध स्टूल. त्यावर मी. समोर आजोबांची छत्री आडवी, दोन टोकं दोन कॉलेजकुमारांच्या हातात, हे हँडल. मांड्यांमध्ये टपरीवाल्याचा चिवड्याचा डबा, ही टाकी.

"खांदं पाडा. कोपर ढिलं. अंगाचा भार हातावर न्हाई, पोटात धरा. मांड्या आवळा!"

आवळल्या.

"आवळा म्हटलं!"

डब्याचं झाकण उडालं. त्याच वेळी फाट्यावर एसटी थांबली आणि खिडकीतल्या एका बाईंनी मला आपल्या मुलाला दाखवलं. टपरीवरचं एक पोरगं तोंडाने डुगडुग आवाज काढू लागलं, तर आजोबा त्याच्यावर खेकसले, "थांब की, गियर बदलू दे त्यांना!"

मागून कुणीतरी विचारलं, "अ‍ॅव्हरेज काय देते?"

या प्रश्नापासून आपल्याकडे सुटका नाही. रस्त्यात आडव्या पडलेल्या माणसालाही लोक आधी अ‍ॅव्हरेज विचारतील, मग पाणी देतील. "तीस-बत्तीस," मी स्टुलावरूनच म्हणालो. मंडळ हळहळलं. माझ्या हातासाठी इतकं कुणी हळहळलं नव्हतं.

"आजोबा, तुमची कुठली गाडी?" मी जरा खवचटपणेच विचारलं.

"आमाला कुठं येतीया गाडी! पावर टिलर मारला, आल्याच्या रानात. रातच्याला भाकरी मोडता यायची न्हाई. म्हातारी मोडून द्यायची."

म्हणजे आता चिडायचीही सोय उरली नाही.

पैसे देताना मंडळाचे सगळे चहा माझ्याच नावावर, शिवाय ग्लास आणि सांडलेला चिवडा. अंगठा स्क्रीनवर नेमका पडेना. पोरगं म्हणालं, "पिन सांगा की काका, मी टाकतो." एवढ्या माणसांत! मी नाकाने पिन टाकला.

परत आल्यावर सर्व्हिस सेंटरला गेलो. "सर, या गाडीला एवढं व्हायब्रेशन असतंच." आधी त्यांनी मला जेलचे हातमोजे विकले, तेही एक नंबर लहान. घट्ट हातमोज्यांनी हात आणखी लवकर बधिरतो, हे विकणाऱ्याला ठाऊक नसावं? मी अडूनच बसलो तेव्हा मेकॅनिक आला. ब्रेक-क्लचचे लिव्हर वर तोंड करून बसवलेले होते. त्याने बोल्ट ढिले करून ते खाली झुकवले. आता कोपरापासून बोटांपर्यंत हात सरळ रेषेत येतो. हँडलच्या टोकांना जड वजनं बसवली, त्यानेही धडधड कमी झाली. चहा निवायच्या आत संपणारं काम! गाडी हातात देतानाच ते का करत नाहीत? लाखांत पैसे मोजायचे आणि मनगट सरळ राहण्यासाठी नंतर भांडायचं. बिलात लिहिलं होतं 'एर्गोनॉमिक सेटिंग', त्यावर जीएसटी.

काल फीडबॅकचा फोन आला. "एक ते दहामध्ये किती द्याल सर? कीपॅडवर दाबा. दहा दिलेत तर आमच्या मुलाला इन्सेंटिव्ह मिळतो." मी एक दाबला. परत फोन आला की बोटं बधिर होती म्हणून सांगणार आहे.