हिमेजीला लिफ्ट नाही, आत्या

परवा सकाळी आत्याचा फॉरवर्ड आला. वर जोडलेले हात, खाली जपानी किल्ल्याचा फोटो आणि शीर्षक ‘जपानकडून शिका!’ मजकूर हिमेजीच्या किल्ल्याबद्दल. चारशे वर्षांत एक फळीही बदललेली नाही, बांधकामात एकही खिळा नाही, महायुद्धात बॉम्ब पडूनही लाकूड पेटलं नाही, जपान्यांनी आपला एकही किल्ला जाऊ दिला नाही, आणि ज्येष्ठांसाठी थेट वरपर्यंत लिफ्ट. शेवटी ठरलेलं ‘नाहीतर आपले किल्ले!’

हेच मला आधी तीन ग्रुपांवर आलं होतं, तेव्हा मी गप्प बसले. पण आत्या एप्रिलमध्ये जपानच्या टूरला चालली आहे. टूरच्या कार्यक्रमात हिमेजी आहे, आणि तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला अजून वर्ष व्हायचंय. ‘लिफ्ट आहे म्हणून तर हो म्हटलं,’ असं ती फोनवर म्हणाली, तेव्हा मात्र राहवलं नाही.

तर आधी लिफ्ट. नाही. फॉरवर्डमधला फोटोसुद्धा हिमेजीचा नाही, ओसाकाचा आहे. हिरवट छप्पर आणि सोनेरी वाघ दिसले की ओळखावं. ओसाकाचा मूळ मनोरा 1665 मध्ये वीज पडून जळाला. आज दिसतो तो 1931 मध्ये लोकवर्गणीतून उभारलेला काँक्रीटचा. आत संग्रहालय आहे, लिफ्ट आहे, आणि त्यात वाईट काही नाही. पण तो वेगळा किल्ला, वेगळं शहर.

हिमेजीचा मुख्य मनोरा, म्हणजे तेन्शु, लाकडी आहे. बाहेरून पाच मजले दिसतात, आत तळघर धरून सात आहेत. दारात बूट काढून पिशवीत घ्यायचे, ती पिशवी हातात धरून पायमोज्यांनी गुळगुळीत लाकडी जिने चढायचे. जिना हा शब्दही सौम्यच, काही ठिकाणी माळ्यावरची शिडी बरी वाटते. उतरताना तर माझे चांगले गुडघेही कुरकुरले होते. आणि मनोऱ्यापर्यंत पोचायलाच चढ, दगडी पायऱ्या आणि एकामागून एक दरवाजे आहेत. मुद्दाम वळणावळणाने नेणारी वाट, दोन्ही बाजूंच्या भिंतींत गोल, चौकोनी, त्रिकोणी जंग्या, म्हणजे मारा करायची भोकं. शत्रूला दमवण्यासाठी केलेली रचना आहे ती, पर्यटकालाही व्यवस्थित दमवते. ज्याने कुणी ‘ज्येष्ठांना काहीही त्रास नाही’ असं लिहिलं, तो तिथे गेलेला नाही. गेला असेल तर त्याहून वाईट.

एक कबूल करते. एके काळी तिथे लिफ्ट होती. 2009 मध्ये डागडुजी सुरू झाली, तेव्हा सगळ्या मनोऱ्याभोवती तात्पुरती इमारत उभारली होती, आणि छपराचं काम जवळून पाहता यावं म्हणून तिच्यात लोकांसाठी लिफ्ट ठेवली होती. काम संपल्यावर ती इमारत काढली. किल्ला 27 मार्च 2015 ला पुन्हा उघडला. त्या काळातला एखादा फोटो कुठूनतरी फिरत आला असेल.

आता सगळ्यात हास्यास्पद मुद्दा, चारशे वर्षांत एक फळीही न बदलल्याचा. आजचा मनोरा इकेदा तेरुमासा या सरदाराने 1601 ते 1609 या काळात बांधला, तोही आधीचा सत्ताधीश हिदेयोशी याचा तीन मजली मनोरा काढून. पुढे तो वजनाने खचून आग्नेयेकडे कलला. गावात थट्टा चालायची, म्हणे त्याला एदोची, म्हणजे आजच्या टोकियोची, ओढ लागली आहे. अखेर 1956 ते 1964 या काळात मनोरा अक्षरशः सुटा केला, तुकडा न् तुकडा उतरवला आणि पुन्हा जोडला. तळापासून वर जाणारे दोन प्रचंड खांब आहेत. त्यांतला पश्चिमेचा नवा घालावा लागला. त्यासाठी किसोच्या जंगलातून आणलेलं हिनोकीचं (जपानी सायप्रसचं) झाड वाटेतच मोडलं, म्हणून शेवटी दोन झाडं जोडून खांब केला. पूर्वेचा खांब बुडाशी कुजला होता, तिथेही नवं लाकूड आलं. मनोऱ्याखाली चक्क काँक्रीटचा पाया घातला. हे माझ्या पदरचं नाही. युनेस्कोने 1993 मध्ये हिमेजीला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्यांच्या नोंदीत या पायाचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि जमीन कच्ची असल्याने तो घातला नसता तर इमारत कोसळली असती, असं कारणही दिलं आहे. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला ती नोंद वाचायला पाच मिनिटं लागली असती.

पांढरा रंगही तसाच. चुना, समुद्री शेवाळाचा चिकट रस आणि तागासारखे धागे मिसळून केलेला तो गिलावा आहे. काही वर्षांत बुरशीने काळवंडतो आणि पुन्हा करावा लागतो. 2015 मध्ये तो इतका झगझगीत होता, की ‘शिरासागी-जो’ म्हणजे पांढऱ्या बगळ्याच्या किल्ल्याला लोक ‘शिरोसुगी-जो’ म्हणू लागले, म्हणजे फारच पांढरा किल्ला.

खिळ्यांचं एवढंच सांगते, की आत खांबांवर सहा पाकळ्यांचे शोभेचे तुकडे दिसतात. ते खिळ्यांची डोकी झाकायला असतात.

बॉम्बचं मात्र अर्धं खरं आहे. जुलै 1945 मध्ये हिमेजी शहरावर हवाई हल्ला झाला, शहर जळलं आणि एक आगलावा बॉम्ब मनोऱ्याच्या वरच्या मजल्यावर पडला. पण तो फुटलाच नाही. यात लाकडाचा पराक्रम कसला? फुटलेल्या बॉम्बपुढे लाकूड काय करतं ते नागोयाला दिसलं. त्याच वर्षी मे महिन्यात तिथला मनोरा जळून गेला, आजचा 1959 चा काँक्रीटचा आहे.

आणि ‘एकही किल्ला जाऊ दिला नाही’? 1873 मध्ये सरकारनेच किल्ले मोडीत काढायचा हुकूम काढला. जुने मनोरे आज देशभरात फक्त बारा उरले आहेत. खुद्द हिमेजी त्याच मेइजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, लिलावात 23 येन 50 सेनला गेल्याचं सांगतात. पाडायचा खर्च जास्त होता म्हणून घेणाऱ्याने तसाच सोडला. पुढे नाकामुरा शिगेतो नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने तो जपावा म्हणून सरकारकडे आग्रह धरला. आपल्या किल्ल्यांवर तावातावाने बोलायचं तर जरूर बोलावं, पण समोर खोटा जपान उभा करून नको.

आत्या, तू हिमेजीला जाच. स्टेशनातून बाहेर आलीस की सरळ रस्त्याच्या टोकाला किल्ला दिसतो, किलोमीटरभर अंतर असेल. खंदक ओलांडून आत गेलं की सान्नोमारूचं मोठं मैदान आहे, चेरीची झाडं आहेत, तिथे तिकीट लागत नाही. मनोरा तिथून जेवढा छान दिसतो तेवढा आतून दिसतच नाही. शेजारीच कोकोएन आहे, सामुराईंच्या जुन्या वाड्यांच्या जागी 1992 मध्ये उघडलेल्या नऊ छोट्या बागा. तिथे सावकाश फिरता येतं, बसता येतं. फक्त टूरवाल्यांना आजच फोन करून विचार, की ग्रुप वर चढेल तेव्हा खाली थांबणाऱ्यांना नेमका किती वेळ आहे आणि परत कुठे भेटायचं. आणि फॉरवर्डमधला तो ओसाकाचा फोटो त्यांनाही दाखव, बघू ओळखतात का.