काढून टाका!

आमच्या गाडीचं वय पंधरा. मुलगी असती तर दहावीचं वर्ष म्हणून घरातला टीव्ही बंद झाला असता. गाडी आहे म्हणून लोक फक्त एवढंच विचारतात, "अजून विकली नाहीत?" मी विकत नाही, कारण ती थंड डोक्याची आहे असं माझं ठाम मत होतं. तिचा तापमानाचा काटा कधी मधल्या रेघेपर्यंतसुद्धा येत नसे. खाली 'सी'च्या कुशीत पडून असायचा. पाहुण्यांना मी तो कौतुकानं दाखवायचो.

गेल्या मे महिन्यात साताऱ्याला लग्नाला निघालो आणि खंबाटकीच्या चढावर तो काटा उठला. उठला तो थेट 'एच'ला जाऊन टेकला. बॉनेटच्या फटीतून वाफ येऊ लागली. मागच्या सीटवर पैठणी सांभाळत बसलेली आई शांतपणे म्हणाली, "अरे, कुकरची रिंग गेलीय तुझ्या."

मी गाडी कडेला घेतली, ओला नॅपकिन हातात धरला आणि रेडिएटरचं झाकण उघडायला पुढे झालो. तेवढ्यात मागे थांबलेल्या ट्रकमधून आवाज आला, "सायेब, हात लावू नगा! थोबाड भाजंल!" त्या माणसानं मला पाऊण तास बसवून ठेवलं. मग पाच लिटरचा कॅन आणून स्वतः पाणी ओतलं आणि जाता जाता सल्लाही दिला. तो मात्र ट्रकच्या हॉर्नमध्ये मला ऐकू आला नाही. आम्ही पोचलो तेव्हा मंगलाष्टकं संपून दुसरी पंगत बसली होती. जिलबी संपली होती. ते मी अजून ऐकतोय.

पुण्यात परतल्यावर गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या माणसानं बॉनेट न उघडताच "इंजिनाचं हेड गेलं" असं जाहीर केलं आणि जो आकडा सांगितला त्यात आमचं अर्धं बाथरूम नवीन झालं असतं. त्या रात्री मी 12 मिनिटांचा एक व्हिडिओ पाहिला. त्यातला माणूस पांढरा शर्ट घालून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनातल्या पाण्याची रेडिएटरकडची वाट उघडणारी-मिटणारी झडप, बदलत होता. शर्ट शेवटपर्यंत पांढरा राहिला. मला तिथंच संशय यायला हवा होता.

शनिवारी नाना पेठेत गेलो. स्पेअर पार्टच्या दुकानातल्या काउंटरवर आपली लायकी दीड मिनिटात कळते. "मॉडेल? साल? पेट्रोल का डिझेल?" इथपर्यंत मी पास झालो. मग त्यांनी विचारलं, "82 चा का 88 चा?"

"चांगला कुठला?"

त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. "जो आत आहे तो."

आत काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. त्यांनीच वहीत पाहून 82 चा, म्हणजे 82 अंशांना उघडणारा, काढला, सोबत पॅकिंग, वरचा होज पाइप, दोन क्लिपा आणि कूलंट. "रेडिएटरचं टोपण पण घ्या," म्हणाले. मी म्हटलं, टोपण चांगलं आहे. दुकानदार हसले आणि त्यांनी ते पिशवीत टाकलं.

घरी आल्यावर मुलीला विज्ञान दाखवावं म्हणून चहाच्या पातेल्यात पाणी ठेवलं आणि थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून त्यात सोडला. "ते पातेलं आता चहाला वापरायचं नाही," बायको दारातूनच म्हणाली. पातेल्याचा निकाल तिथेच लागला. शाळेच्या प्रयोगासाठी आणलेला थर्मामीटर मुलगी वाचत होती. 70 ला काही नाही. 80 ला काही नाही. 83 च्या पुढे त्या पितळी चकतीखाली केसाएवढी फट पडली, आणि 95 पर्यंत तिचं चांगलं करंगळीएवढं तोंड उघडलं. आतल्या डबीत मेण असतं. ते वितळलं की फुगतं आणि स्प्रिंगला मागे रेटून वाट मोकळी करतं. तोपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊच द्यायचं नाही, इंजिनाला लवकर ऊब येऊ द्यायची, एवढंच त्याचं काम. वायर नाही, सेल नाही, अॅप नाही. "बाबा, हा आजीसारखा आहे," मुलगी म्हणाली. "वेळ आल्याशिवाय उठत नाही."

रविवारी सकाळी नऊला पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं आणि सव्वानऊला प्रेक्षक जमले. वरच्या मजल्यावरचे निवृत्त काका स्वतःची खुर्ची घेऊन आले. खाली टब ठेवून मी रेडिएटर रिकामा केला. जे बाहेर आलं त्याला पाणी म्हणणं धाडसाचं होतं. कटाच्या आमटीचा रंग, वर तवंग, तळाशी पांढरट खरपुड्या. गाडी महिन्याला लिटरभर पाणी पीत होती आणि मी इमानानं तिला बोअरचं पाणी पाजत होतो. ज्या पाण्यानं आमच्या गीझरची कॉइल तीन वेळा खाल्ली, ते.

मग आला तो वरचा पाइप. त्याची क्लिप अशा जागी होती की माझा हात तिथपर्यंत जात होता, पण पक्कड घेऊन जात नव्हता. आणि पक्कड गेली की हात बाहेर येत नव्हता. वीस मिनिटांनी पाइप सुटला तो क्लिपेखालच्या चिरेसकट. थर्मोस्टॅट ज्यात बसतो त्या हौसिंगचे दोन बोल्ट दहाच्या गोटीनं, म्हणजे पान्याला लावायच्या सॉकेटनं, निघाले. दुसरा निघताना पान्यावरून गोटी सुटली, तीन ठिकाणी टणटण वाजली आणि गप्प झाली. खाली पडली नाही. टॉर्चनं पाहिलं, चुंबक फिरवलं, गाडी हलवली. काका म्हणाले, "दहाचीच जाते. माझ्या बाराच्या, चौदाच्या सगळ्या शाबूत आहेत."

शेजाऱ्याची दहाची गोटी मागून आणली आणि हौसिंग उघडलं.

आत काहीच नव्हतं.

मी आत बोट घातलं. काकांनी चष्मा बदलून पाहिलं. मुलीनं फोटो काढला. थर्मोस्टॅटची जागा होती, खाच होती, थर्मोस्टॅट नव्हता. माझ्या आधीच्या मालकाच्या काळात कुणीतरी तो उपटून टाकला होता. म्हणजे माझी गाडी थंड डोक्याची वगैरे नव्हती. बिचारी इतकी वर्षं कधी नीट गरमच झाली नव्हती. तिचं अॅव्हरेज का कमी येतं, याचं खापर मी पेट्रोलपंपावर फोडत होतो.

"बरोबर आहे," काका म्हणाले. "आपल्याकडच्या हवेत लागतच नाही तो. सगळे मेकॅनिक काढूनच टाकतात. पहिलं काम तेच."

"मग तापली कशानं?"

यावर सभा भरली. वॉचमनच्या मते पंखा, काकांच्या मते हेड. आई भाजीची पिशवी घेऊन वर चालली होती. तिनं टबाच्या काठावर ठेवलेलं जुनं टोपण उचललं, उलटं केलं आणि आतलं रबर नखानं दाबलं. ते बिस्किटासारखं तडकलं. "मी घाटातच सांगितलं होतं," म्हणाली आणि लिफ्टमध्ये शिरली.

टोपणावर 0.9 लिहिलेलं होतं. तेवढा दाब धरला तर आतलं साधं पाणीसुद्धा 118 अंशांच्या आसपास गेल्याशिवाय उकळत नाही. रबर गेलं की दाब गेला, मग पाणी पातेल्यातल्यासारखं शंभराच्या आतबाहेर उकळून उडून जाणार. रेडिएटरमध्ये खरपुड्या होत्याच. चिरलेला पाइप होता. घाट निमित्त झाला.

पुढचं काम भराभर झालं. नवा थर्मोस्टॅट बसवला, त्यातली हवेची छोटी पिन वरच्या बाजूला येईल असा. कूलंटमध्ये निम्मं डिस्टिल्ड वॉटर, जे आपण इन्व्हर्टरला घालतो तेच. कूलंटला गोडसर चव असते आणि ते विषारी असतं, त्यामुळे टबाभोवती घुटमळणाऱ्या सोसायटीच्या मांजरीवर मुलीला पहाऱ्याला बसवलं. शेवटी हवा काढायची म्हणून टोपण उघडं ठेवून इंजिन चालू केलं आणि हीटर फुल. मे महिना, दुपारचा एक, गाडीत हीटर, आत मी. काका काचेतून माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होते ती मी विसरणार नाही. बुडबुडे थांबले, काटा चढत चढत बरोब्बर मध्यावर आला आणि तिथं बसला. रेडिएटरचा पंखा सुरू झाला तेव्हा वॉचमननं टाळ्या वाजवल्या. गोटी मात्र सापडली नाही.

पुढच्या रविवारी परीक्षा म्हणून पुन्हा खंबाटकी. तीच मंडळी, तीच मागची सीट. सगळा चढ काटा मध्यावरून हलला नाही. त्या जुन्या जागेशी आल्यावर मला राहवेना. गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं आणि नुसता बघत उभा राहिलो. मागे ब्रेक लागले. ट्रक वेगळा, ड्रायव्हर वेगळा, पण हातात तसाच पाण्याचा कॅन.

"तापली व्हय?"

"नाही हो, सहज."

त्याचा विश्वास बसला नाही. त्यानं बॉनेटखाली डोकं घातलं, हौसिंगवर दोन बोटं टेकवली आणि मान हलवली. "सायेब, एक काम करा. ह्यातला थर्मोस्टॅट काढून टाका. आपल्याकडं लागत न्हाई." मग बॅटरीच्या ट्रेमागे हात घालून त्यानं काहीतरी उचकटलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

"आन् ही गोटी बी. हितं तिचं काय काम?"