‘तळाचे मासे टाकी साफ ठेवतात’ या समजाविषयी

घरी मत्स्यटाकी ठेवणाऱ्यांमध्ये एक संदेश पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा आशय असा : टाकीत एक सकर (तोंडाने काचेला चिकटणारा मासा) आणि दोन कोरी (मिशा असलेले लहान मासे) सोडाव्यात, हे तळाचे मासे इतरांची विष्ठा आणि उरलेले खाद्य खातात, काचेवरचे शेवाळ काढतात, त्यांना वेगळे खायला घालावे लागत नाही, ते टाकीच्या मापाएवढेच वाढतात आणि वर येऊन हवा घेत असल्यामुळे हवेचा पंपही लागत नाही, मग पाणी दोन महिन्यांनी बदलले तरी चालते. यातील एकदोन गोष्टी अर्धवट खऱ्या आहेत आणि संदेश पटतो तो त्यांच्यामुळेच.

विष्ठेची गोष्ट मात्र अर्धवटही खरी नाही. कोरी दिवसभर वाळूत तोंड खुपसताना दिसते, त्यावरून हा समज झाला असावा. प्रत्यक्षात ती वाळू तोंडात घेते, कल्ल्यांवाटे बाहेर टाकते आणि त्यात सापडलेल्या अळ्या, कृमी व बारीक जीव तेवढे गिळते. शिवाय टाकीतील मासे ज्या घाणीने मरतात, ती डोळ्यांना दिसतच नाही. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात, उरलेले खाद्य कुजूनही तोच तयार होतो. फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि वाळूत वाढलेले जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग तुलनेने कमी घातक असे नायट्रेट करतात, आणि हे नायट्रेट थोडेफार वनस्पती शोषतात, बाकीचे पाणी बदलल्यावरच बाहेर जाते. या साखळीत कोरीचे स्थान सफाई कामगाराचे नसून आणखी एका अमोनिया सोडणाऱ्याचे आहे. म्हणून तीन मासे वाढवल्यावर पाणी बदलण्याचे काम कमी होत नाही, वाढते. माफक मासे असलेल्या टाकीत दर आठवड्याला २५ ते ३० टक्के पाणी, क्लोरीन घालवून, बदलणे ही साधी आणि पुरेशी शिस्त आहे.

‘वेगळे खाद्य नको’ हा सल्ला सर्वांत अधिक मासे मारत असावा, आणि तोही सावकाश. तरंगणारे खाद्य वरचे मासे मिनिटा-दोन मिनिटांत संपवतात. तळापर्यंत पोहोचतो तो चुरा. कोरीच्या अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या पट्ट्यांचे चिलखत असते, त्यामुळे ती बाजूने पाहताना बराच काळ धडधाकट वाटते. पोट खपाटीला गेल्याचे कळते ते ती काचेला टेकून बसली आणि आपण खालून पाहिले तरच. तिला बुडणाऱ्या गोळ्या दिवा मालवल्यानंतर द्याव्यात, आणि आठवड्यातून दोनदा गोठवलेल्या ब्लडवर्म (लाल अळ्या) पाण्यात सुट्या करून घालाव्यात. सकरला काकडीची किंवा दुधीची वाफवलेली चकती चालते, मात्र उरलेला तुकडा सकाळी काढला पाहिजे.

येथेच आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल संदेश गप्प आहे. कोरी थव्याने राहणारा मासा आहे. ‘दोन कोरी’ हा हिशेबच चुकीचा असून एकाच जातीच्या निदान सहा असाव्यात. तिला बारीक, गुळगुळीत वाळू हवी. माझ्या पहिल्या टाकीत मी दुकानदाराच्या आग्रहाने निळी टोकदार खडी घातली होती. वर्षभरात कोरींच्या मिशा झिजून खुंट उरले. दोष एकट्या खडीचा नव्हता, खडीच्या फटींत साचून कुजणाऱ्या खाद्यात जीवाणू माजले होते आणि तेथवर माझा सायफन, म्हणजे तळाची घाण ओढून काढणारी नळी, पोहोचत नव्हता.

शेवाळाचे विधान अंशतः खरे आहे. लहान सकर काच खरोखर खरवडतो. परंतु आपल्या बाजारात बोटाएवढा मिळणारा ठिपक्यांचा सकर बहुधा टेरिगोप्लिक्थिस या प्रजातीचा असतो, तो ४० सेंटिमीटरच्याही पुढे जातो आणि त्याच्या विष्ठेचे लांब दोरे काचेवरच्या शेवाळापेक्षा जास्त नजरेत भरतात. शेवाळ खाणारा मासाच हवा असेल, तर १२ ते १५ सेंटिमीटरवर थांबणारा ब्रिसलनोज हा छोटा सकर बरा. दिवा सात-आठ तासांवर आणला, तर त्याचीही गरज कदाचित पडणार नाही.

मासा टाकीच्या मापाने वाढतो, हेही खरे नाही. खराब पाण्यात आणि अपुऱ्या जागेत त्याची वाढ खुंटते, त्याला मापात राहणे म्हणत नाहीत. टाकीत न मावणारे हे सकर अखेर तलावात सोडले जातात. पूर्व कोलकात्याच्या पाणथळ भागात त्यांनी ठाण मांडले आहे, आणि विणीच्या वेळी हे मासे काठात आडवी बिळे करत असल्यामुळे बांध पोखरले जातात.

राहिला हवेचा पंप. कोरी पृष्ठभागावर झेप घेऊन हवा गिळते आणि आतड्यातून प्राणवायू शोषते, हे अगदी बरोबर आहे. पण ही सोय तिच्यापुरती आहे. टाकीतील टेट्रांसारख्या इतर लहान माशांना आणि फिल्टरमधील जीवाणूंना पाण्यात विरघळलेलाच प्राणवायू लागतो. २० अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. म्हणजे एप्रिल-मेमध्ये, नेमकी गरज असताना, पंप बंद करायला सांगितले जात आहे. उष्णता सर्व कोरींना सारखी मानवतही नाही. पेपर्ड कोरी ही जात दक्षिण अमेरिकेतील ला प्लाटा नदीच्या खोऱ्यातली, थंडाव्याची, नागपूरच्या उन्हाळ्यात तिच्यापेक्षा स्टेर्बाय कोरी ही दुसरी जात तग धरते. कोरीने अधूनमधून वर झेप घेणे स्वाभाविक आहे. सगळ्याच कोरी मिनिटामिनिटाला वर येऊ लागल्या, तर फिल्टर चालू आहे का ते पाहावे, अमोनिया तपासावा आणि त्याच दिवशी तिसरा हिस्सा पाणी बदलावे.