सीट हाइट विचारू नका, बसून बघा

"उंची पाच-पाच आहे. हिमालयन ४५० घेऊ की नवी केटीएम ३९० ॲडव्हेंचर? पाय पुरतील ना?" रॉयल एनफिल्ड आणि केटीएमच्या या दोन ॲडव्हेंचर मोटरसायकलींबद्दल हा प्रश्न इतक्यांनी विचारलाय की एकदाच सविस्तर लिहितो.

आधी आकडे. हिमालयनची सीट ८२५ मिलिमीटरवर, हवी तर ८४५ वर नेता येते. २०२५ ची ३९० ॲडव्हेंचर ८३० वर. फरक पाच मिलिमीटरचा. त्याच्यावरून भांडणारे लोक मला कळतच नाहीत. बुटाचा तळ जरा जाड निघाला की हिशोब संपला!

दोन्ही गाड्यांच्या सस्पेन्शनचा प्रवास, म्हणजे चाक वर-खाली होण्याची जागा, साधारण २०० मिलिमीटर आहे. म्हणजे तुम्ही बसलात की गाडी दबते. ब्रोशरमधली उंची रिकाम्या गाडीची असते, त्यामुळे ८० किलोच्या माणसाचे पाय जिथे टेकतात तिथे ५५ किलोच्या माणसाचे, तेवढीच उंची असूनही, टेकतीलच असं नाही. मागचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवर आधीच दिलेला दाब, कमी केला तर थोडा फरक पडतो.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सीटची रुंदी. केटीएमची सीट टाकीजवळ अरुंद आहे, मांड्या फाकत नाहीत, पाय सरळ खाली जातो. हिमालयनवर मांड्यांमध्ये जास्त ऐवज येतो. पण तीच रुंदी पुणे-गोवा अंतरात बुडाला बरी वाटते. केटीएमची सीट कडक आहे, दोन तासांनी आठवण करून देते.

मग वजन. हिमालयन १९६ किलो, केटीएम १८३ च्या आसपास. टाकी १७ लिटर विरुद्ध १४.५. भरलेली टाकी उंचावर असते, आणि सिग्नलला गाडी एका बाजूला कलली की ते वजन चवड्यावर येतं. वरंधा घाटात खडीच्या उतारावर गाडी मागे ढकलावी लागली तर पाय पुरणं आणि गाडी सावरणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे लगेच समजतं. दोन्ही टाचा टेकायलाच हव्यात असं मी मानत नाही. एक पाय पूर्ण, दुसरा फुटपेगवर, बूड थोडं सरकवून. या वर्गातल्या गाड्या जगभर अशाच चालवतात.

यूट्यूबवरचे रिव्ह्यू बघताना आधी रिव्ह्यू करणाऱ्याची उंची बघा. सहा फुटी माणूस "एकदम आरामशीर" म्हणतो, त्याचा तुम्हाला काय उपयोग?

उभं राहून चालवण्यात मला हिमालयन आवडते. टाकी गुडघ्यांत छान धरता येते. केटीएमही या बाबतीत जुन्या ३९० पेक्षा खूप सुधारली आहे, आणि जुनीची सीट तर ८५५ वर होती! उभं राहिल्यावर हँडलसाठी वाकावं लागत असेल तर हँडल वर उचलणारे रायझर लावा, स्वस्तातलं काम आहे.

लोअरिंग लिंक, म्हणजे गाडीच खाली बसवणारा मागच्या सस्पेन्शनचा सुटा भाग, मात्र शक्यतो नको. ग्राउंड क्लिअरन्स जातो, साइड स्टँड लांब पडतो आणि गाडी उभी केली की जवळजवळ सरळ राहते, जरा धक्का लागला की आडवी. हिमालयनला ८०५ ची कमी उंचीची सीट मिळते, आधी ती बघा. फोम कापून घेणारेही आहेत, पण मग लांबच्या प्रवासाचं सुख विसरा.

माझं मत विचाराल तर पाच-पाचच्या, हलक्या अंगाच्या आणि रोज शहरात फिरणाऱ्या माणसाला मी केटीएम सांगेन. सामान लादून लांब जाणाऱ्याला हिमालयन, थोडी जड असली तरी. टेस्ट राइडला मात्र स्वतःचे रायडिंग बूट घालून जा, आणि शोरूमवाल्याला म्हणा, गाडी उतारावर लावा, मला मागे ढकलून बघायचीय.