खुलासा : लॉकडाऊनमध्ये डोक्याच्या दुखापती 'थांबल्या' नव्हत्या
'लॉकडाऊनमध्ये मेंदूला मार बसण्याचं प्रमाण शून्यावर आलं' असा मेसेज फिरतोय. तो अर्धवट आहे. २०२० मध्ये अनेक देशांतल्या रुग्णालयांच्या नोंदींत असे रुग्ण घटले, हे खरं. रस्ते ओस होते, मैदानी खेळ बंद होते. पण घरात पाय घसरून पडणं थांबलं नाही, विशेषतः वयस्कर माणसांचं. शिवाय किरकोळ मार लागलेले कित्येक जण संसर्गाच्या भीतीने दवाखान्यात गेलेच नाहीत, म्हणजे त्यांची नोंदच नाही. अमेरिकेत तर त्या वर्षी वर्दळ घटूनही रस्ते अपघातांतले मृत्यू वाढले. मोकळ्या रस्त्यांवरचा वेग हे त्याचं एक कारण. तेव्हा तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.