थ्रॉटल ‘खटकन’ शून्यावर आणत नाहीत

अमरावतीजवळच्या बेलोऱ्याला एप्रिल 2025 पासून प्रवासी विमान उतरतं, गोंदियाजवळच्या बिरसीत वैमानिक घडतात, आणि आपल्या भागातली पुष्कळ पोरं कॉकपिटचं स्वप्न बघतात. म्हणून मोबाइलवर गावोगाव फिरणाऱ्या एका मजकुराला उत्तर देणं भाग आहे. मजकूर असा: ‘धावपट्टी दिसली की चांगला पायलट थ्रॉटल खटकन शून्यावर आणतो. उशीर केला तर विमान पट्टीबाहेर जातं. उतरल्यावर इंजिनं उलटी फिरवून थांबवतात.’

थ्रॉटल म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा, त्यालाच लिव्हरही म्हणतात. यातलं पहिलं वाक्य जिवावर बेतणारं आहे. स्वच्छ हवेत नागपूरची पट्टी कित्येक किलोमीटरवरून दिसते. तिथून जेट 3 अंशांच्या उतारावर 140 नॉटच्या (ताशी सुमारे 260 किलोमीटर) आसपास येतं, म्हणजे सेकंदाला सुमारे 12 फूट खाली. हा वेग स्टॉलच्या वेगाहून (ज्याखाली पंख विमान पेलत नाहीत) जेमतेम 23 टक्के जास्त असतो. चाकं आणि फ्लॅप (पंखांच्या मागच्या पट्ट्या) बाहेर असल्यामुळे हवेचा अडथळा मोठा, आणि तो इंजिनाच्या जोरावरच पेलला जातो. जोर आधीच काढला तर वेग तरी जाणार, नाहीतर उंची. शिवाय जेट इंजिन मागितल्याबरोबर जोर देत नाही. 15 टक्क्यांवरून 95 टक्क्यांवर यायला प्रमाणपत्राच्या नियमातच 5 सेकंदांची मुभा आहे. तेवढ्यात विमान 60 फूट खाली आलेलं असतं.

25 फेब्रुवारी 2009 ला ॲमस्टरडॅमला हेच घडलं. टर्किश एअरलाइन्सचं बोइंग 737 सुमारे 1950 फुटांवर असताना डाव्या रेडिओ अल्टिमीटरने (जमिनीपासूनची उंची मोजणाऱ्या यंत्राने) उणे 8 फूट दाखवलं. विमान टेकतंय असं समजून ऑटोथ्रॉटलने (जोर आपोआप सांभाळणाऱ्या यंत्रणेने) जोर आयडलवर, म्हणजे सर्वांत कमी, नेला. घटलेला वेग वेळेत कोणाच्या लक्षात आला नाही, विमान स्टॉल होऊन पट्टीच्या अलीकडे शेतात पडलं. 9 माणसं गेली.

मग जोर काढायचा कधी? 737 मध्ये मुख्य चाकं पट्टीपासून साधारण 20 फुटांवर आली की नाक 2 ते 3 अंश उचलायचं आणि लिव्हर सलग, न झटकता मागे आणायचे. चाकं टेकताना ते आयडलवर पोचले की काम नीट झालं. इंजिनं पंखाखाली असल्यामुळे जोर एकदम काढला तर नाक खाली जातं आणि विमान आपटतं. एअरबस ए 320 मध्ये हाताने उतरवताना 20 फुटांवर ‘रिटार्ड’ (जोर कमी करा) असा आवाज येतो. तो हुकूम नाही, आठवण आहे.

‘उशीर केला तर’ हे अर्धं खरं. जोर राहिला की विमान पट्टीवर तरंगतं आणि दर सेकंदाला सुमारे 70 मीटर पट्टी संपते. पण त्याहून मोठा धोका म्हणजे टेकल्यावरही एखादा लिव्हर पुढेच राहणं. 17 जुलै 2007 ला साओ पाउलोच्या काँगोन्यास विमानतळावर ताम कंपनीच्या ए 320 चा उजवा लिव्हर ‘क्लाइंब’वरच (चढण्याच्या जोरावर) राहिला. त्यामुळे ग्राउंड स्पॉयलर (पंखांवर उभ्या राहून विमान पट्टीवर दाबणाऱ्या फळ्या) उघडले नाहीत, ऑटोब्रेकही लागला नाही. ओल्या पट्टीवरून विमान थेट इमारतीत घुसलं, 199 जण दगावले. टेकताना दोन्ही लिव्हर आयडलवर आहेत ना, हे पाहणं मऊ उतरण्यापेक्षा महत्त्वाचं.

इंजिन उलटं फिरत नाही. इंजिनाच्या गाभ्याबाहेरून जाणारी पंख्याची हवा पुढच्या बाजूला वळवली जाते, तीही टेकल्यावरच. यालाच रिव्हर्स म्हणतात. थांबवण्याचं मुख्य काम ब्रेक आणि स्पॉयलर करतात.

हा गैरसमज बहुधा छोट्या पिस्टन विमानांवरून आला असावा. तिथे इंजिन लगेच साथ देतं आणि जोर काढून उतरण्याचा सराव रीतसर करून घेतात. बेलोऱ्याला उतरणारं एटीआरही जेट नव्हे, पंख्यांचं (प्रोपेलरचं) विमान आहे. त्यात जोर काढला की पंखेच अडथळा होतात आणि विमान झपकन बसतं. एकाची सवय दुसऱ्याला लावू नये.

आपल्याकडे मे महिन्यात तर आणखी सांभाळावं लागतं. 45 अंशांत नागपूरच्या उंचीवर वेगाच्या घड्याळात 140 नॉट दिसले तरी हवेतला खरा वेग 150 च्या घरात असतो, म्हणून तरंगण्याची किंमतही वाढते. नांगरून तापलेल्या काळ्या वावरांवरून उठणारी हवा विमान शेवटच्या क्षणी उचलते. अशा वेळी घाबरून लिव्हर झटकू नये. वेग, जागा आणि उतरण्याचा दर जुळत नसेल, तर लिव्हर पुढे ढकलून पुन्हा फेरी घ्यावी. एकदा रिव्हर्स ओढल्यावर मात्र फेरी नाही, विमान थांबवायचंच.