निगमन तेवढं खरं, बाकी सगळा अंदाज?

"तर्क दोनच. निगमन सामान्याकडून विशेषाकडे जातं, त्याचा निष्कर्ष कायम खरा. विगमन विशेषाकडून सामान्याकडे जातं, तो नुसता अंदाज, त्यावर विसंबू नका." बारावीच्या तर्कशास्त्राच्या मुलांसाठी म्हणून हा मेसेज सोलापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. माझ्याकडे तीनदा आला. तिसऱ्यांदा खाली कुणीतरी जोडलं होतं, "म्हणून तंबाखूने कॅन्सर हाही अंदाजच." त्या ओळीसाठी लिहितोय.

आधी दिशेचं. रमा सीमापेक्षा मोठी, सीमा उमापेक्षा मोठी, म्हणून रमा उमापेक्षा मोठी. हे पक्कं निगमन, आणि यात सामान्य विधान एकही नाही. फरक दिशेचा नाहीच. आधारविधानं खरी असताना निष्कर्ष खोटा पडूच शकत नसेल तर ते निगमन. खोटा पडायला थोडी जरी जागा उरत असेल तर ते निगमन नाही; विगमन अशांपैकीच.

"कायम खरा" हेही चूक. सोलापूरची प्रत्येक चादर हातमागावर विणलेली असते. ही चादर सोलापूरची. म्हणून ही हातमागाची. तर्क वैध आहे, पण पहिलं विधानच खोटं, कारण इथला बहुतेक माल यंत्रमागावर निघतो. निगमन आत घातलेलं खरेपण सांभाळतं, नवं तयार करत नाही.

आणि दोनच कसे? अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मित्राच्या कारखान्यात टॉवेलवर आडवा पट्टा येत होता. जॉबरने, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याने, कापड उजेडात धरलं, पट्टा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते बोटाने दाखवलं. बरोबर कांडी (आडव्या सुताची गुंडाळी) बदलते तिथे. "माग बिघडला असता तर कांडी बदलली तरी पट्टा राहिला असता. बाण्याचं, आडवं सूत मिसळलंय." मग दुसऱ्या पोत्यातली कांडी लावून माग चालवला. पट्टा गेला. खुणांवरून सर्वांत पटणाऱ्या कारणाकडे जाणारा हा तिसरा तर्क. चार्ल्स पर्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने तो वेगळा काढून दाखवला.

जॉबरचं खरं शहाणपण मला दुसरी कांडी लावण्यात दिसतं. युरेनसची कक्षा गणिताशी जुळेना, तेव्हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए यांनी पलीकडे एक ग्रह असावा असं मांडलं आणि १८४६ साली नेपच्यून सापडला. पुढे बुधाची कक्षा जुळेना म्हणून त्यांनी तसाच सूर्याजवळ एक ग्रह मानला. तो कधीच सापडला नाही. बुधाचं कोडं १९१५ साली आइन्स्टाइन यांच्या सापेक्षतेने सुटलं. माणूस तोच, तर्क तोच. निकाल दुर्बिणीने दिला.

आता ती जोडलेली ओळ. डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५० साली फुफ्फुसाच्या कॅन्सरचे रुग्ण आणि इतर रुग्ण यांच्या धूम्रपानाची तुलना केली. १९५१ पासून चौतीस हजारांहून जास्त ब्रिटिश पुरुष डॉक्टरांची नोंद ठेवली, ती पन्नास वर्षं चालली. आयुष्यभर सिगारेट ओढणाऱ्यांचं आयुष्य सरासरी सुमारे दहा वर्षांनी घटलं. हे विगमनच आहे, आणि भक्कम आहे. "आमचे आजोबा नव्वदीपर्यंत विडी ओढायचे" याने ते मोडत नाही, कारण ओढणारा प्रत्येकजण त्यानेच मरतो असं कुणी म्हटलेलंच नाही. धोका किती वाढतो ते सांगितलंय.

हजारो बायका घरोघरी विड्या वळतात अशा आपल्या शहरात ही ओळ फिरतेय. तुम्ही ती पुढे पाठवली असेल, तर त्याच ग्रुपवर आजच दुरुस्ती टाका.